देवेशची दोन लग्ने

माझ्या देवेशची दोन लग्ने झाली. पहिले डिचोलीच्या रजिस्ट्रार कचेरीत, तनयाशी. दुसरे आमच्या शिरगावच्या अंगणात, रुईच्या डहाळीशी. पहिल्याला त्याने मला साक्षीदार म्हणून बोलावले होते आणि मी गेले नाही. दुसऱ्याला मी हजर होते, हळदकुंकवाचे ताट माझ्याच हातात होते, पण तेव्हा तो जिवंत नव्हता.

हे मी सांगते आहे ते कोणी माझी कीव करावी म्हणून नव्हे. छत्तीस वर्षे मी प्राथमिक शाळेत मराठी शिकवले आणि पोरांच्या वहीतली एक वेलांटी कधी सोडली नाही. गेल्या वर्षी निवृत्त झाले. तीच लाल पेन्सिल एकदा स्वतःच्या वहीवर चालवायची आहे.

बाहेरच्या माणसाला आधी आमच्या सह्यांचे सांगावे लागेल. गोव्यात लग्न नोंदवायचे तर कचेरीत दोनदा जावे लागते. पहिली सही करून आम्ही लग्न करणार असे कळवायचे. मग काही दिवस त्याची नोटीस लागते, आणि कोणी हरकत घेतली नाही की दुसरी सही. ती झाली की कायद्याने नवरा-बायको. पण घरातली माणसे ते धरत नाहीत. अंतरपाट, मंगलाष्टका, पंगत झाली की लग्न. तोवर मुलगी आईबापाकडेच राहते, आडनावही माहेरचेच लावते, आणि कोणी विचारले तर सांगतात, सह्या झाल्या आहेत, लग्न व्हायचे आहे. मीही तेच सांगत असे. माझे ते पालुपदच होते, सह्या म्हणजे लग्न नव्हे.

तनया मांद्र्याची. तिचे वडील गोकुळदास घरामागच्या चार खोल्या पाहुण्यांना भाड्याने देतात. ती म्हापशाला एका लॅबमध्ये कामाला, रक्त काढायचे आणि तपासायचे. माझा देवेश डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत पंपांच्या कारखान्यात होता. दोघांची ओळख कुठे झाली हे मला शेवटपर्यंत नीट कळले नाही. विचारले की तो नुसता हसायचा. मुलगी नाकीडोळी नीटस, पण बोलायला कमी, आणि मला बोलणारी माणसे आवडतात. तरी साखरपुड्याला मी मांद्र्याला गेले, साडी नेसवली, आणि गोकुळदास मला विहीणबाय म्हणाले ते मला बरे वाटले. लग्न वैशाखात ठरले.

मग फ्लॅट निघाला. व्हाळशीला नवी इमारत होत होती, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. एकट्या देवेशच्या पगारात बसत नव्हते. बँकेने सांगितले की दोघांचा पगार धरून कर्ज देऊ, पण नवरा-बायको असाल तर. म्हणून त्यांनी मार्गशीर्षातच सह्या उरकायचे ठरवले. दुसऱ्या सहीच्या दिवशी सकाळी देवेश चहात पावाचा उंडा बुडवत म्हणाला, आई, साक्षीला तू चल. माझ्या शाळेत तपासणी होती. नसती तरी मी गेले नसते. बँकेच्या फॉर्मसाठी कोणी लग्न करतो काय, असे मी फटकन बोलले. त्याने उंडा संपवला आणि गेला. साक्षीला कारखान्यातला कोणी मित्र राहिला म्हणे.

पुढल्याच महिन्यात माझ्या सासूबाई वारल्या. पिकले पान होते, रडारड अशी झाली नाही. भटजी म्हणाले, वर्षभर थांबायचे कारण नाही, देवाला कौल लावा आणि वैशाखातच उरका. माझ्या यजमानांना, म्हणजे शंभूंना, ते पटले. मला पटले नाही. वर्षाच्या आत या घरात सोहळा होणार नाही असे मी ठणकावून सांगितले, आणि कौल लावायला कोणाला जाऊही दिले नाही. सगळ्यांना वाटले, काय सासूवर माया. माया कसली? मला वगळून सह्या झाल्या, याचा राग माझ्या पोटात होता. वगळून तरी कुठे, त्याने बोलावले होते. पण राग धरायचा म्हटले की माणसाला हे आठवत नाही.

त्या वर्षी श्रावणात देवेशला ताप आला. आधी साधा वाटला. मग डोळे पिवळे झाले, आणि डॉक्टरांनी लेप्टो सांगितला. चार दिवस तो इस्पितळात होता. तिसऱ्या दिवशी यंत्रावर ठेवायचे म्हणून कागदावर सही हवी होती. शंभू औषधे आणायला खाली गेले होते, मी बाकावर सुन्न बसले होते. तनयाने कागद घेतला, नाते विचारले होते तिथे पत्नी असे लिहिले आणि सही केली. मला ते दिसले. पोरगा आत जीव सोडत होता आणि मी तो शब्द बघून चिडले. असे हे माझे डोके.

चौथ्या दिवशी तो गेला.

आता दुसरे लग्न. आमच्या घराण्यात बिनलग्नाच्या मुलाला तसा पाठवत नाहीत. चितेवर नेण्याआधी त्याचे रुईशी लग्न लावतात, नाहीतर त्याला गती मिळत नाही म्हणतात. यांच्या थोरल्या चुलतभावांनी अंगणात आल्या आल्या विचारले, रुई खंय मेळटली? शंभू माझ्याजवळ आले. आयुष्यभर खाणीवरच्या वजनकाट्यापाशी बसलेला हा माणूस, लागेल तेवढेच बोलणारा. ते मला हळूच म्हणाले, "तिका विचार गो एकदां."

तनया माडाखाली उभी होती. इस्पितळातून आमच्याबरोबरच आली होती, कपडे तेच, केस तसेच. तिला काय विचारायचे, मी म्हणाले, ती कोण?

कोणीतरी रुईची डहाळी आणली. तिला हळद लावली, देवेशच्या उशाशी ठेवली, वर तांदूळ पडले. मी कुंकू लावले. साखळीहून आलेल्या एका म्हाताऱ्या नातलग बाईने माडाखाली बघत विचारले, तें चेडूं कोणाचें गो? मी म्हणाले, देवेशच्या ओळखीची. अंगण लहान आहे आमचे. ते तिनेही ऐकले आणि तिच्या मागे उभ्या असलेल्या गोकुळदासांनीही ऐकले. तीन तास ती तशीच उभी होती, तिला कोणी बस म्हटले नाही. मग वडील तिला घेऊन गेले.

तिने सुतक पाळले की नाही मला ठाऊक नाही. चौथ्या दिवशी ती कामावर गेली, एवढे कानावर आले. आणि बँकेतून कळले की विम्यात देवेशच्या वाट्याचे कर्ज फिटले, तिच्या वाट्याचा हप्ता ती दर महिन्याला भरते आहे. फ्लॅटची एक चावी तिच्याकडे, एक माझ्याकडे. मी तिथे कधी गेले नाही. तीही जात नसावी, कारण सोसायटीचा माणूस मलाच फोन करून खिडकी उघडी राहिली आहे म्हणून सांगायचा.

अशी दीड वर्षे गेली.

गेल्या माघात एका सकाळी गोकुळदास आले. हातात केळ्यांचा घड, पायांत बाहेरच्या चपला तशाच, इतके गडबडलेले. मला बाई म्हणाले. विहीणबाय नाही, शाळेतल्या पोरांसारखे बाई. शंभू बाहेर सोप्यावर होते, ते उठून आत आले आणि माझ्या बाजूला बसले.

गोकुळदासांचे म्हणणे सरळ होते. तनयाला वेंगुर्ल्याचे स्थळ आले आहे, मुलगा चांगला, पोस्टात आहे. तिचे वय तीस. पण तिचे नाव एका मेलेल्या मुलाबरोबर घराच्या कर्जावर आणि फ्लॅटच्या कागदावर आहे, ते त्यांना कळले तर मोडेल. तिला फ्लॅट नको, भरलेले पैसे परत नकोत, काही नको. फक्त दोन्हींवरून तिचे नाव काढा. मी म्हणाले, उरलेले कर्ज माझ्या पेन्शनवर घेते. मला ते मनातून हवेच होते. त्या फ्लॅटवर फक्त देवेशचे नाव राहावे आणि ते आमच्याकडे यावे, दुसऱ्या घरी जाणाऱ्या मुलीचे नाव तिथे कशाला, असे मला वाटत होते.

बँकेत गौरेश बसतो. माझा चौथीतला विद्यार्थी, ऱ्हस्व-दीर्घाला कायम घाबरायचा. आता टेबलामागे आहे, पण मला पाहून अजून उभा राहतो. मी म्हणाले, एक नाव काढायचे आहे, फॉर्म दे. त्याने फाईल आणली आणि चाळली. मग ती माझ्याकडे वळवली. आत विवाहाच्या दाखल्याची प्रत होती आणि तिला टाचलेला एक रंगीत फोटो. कचेरीच्या पायरीवर दोघे. मी तो ओझरता पाहिला. गौरेश म्हणाला, "बाई, ही तुमची सून न्हय?"

मग त्याने समजावून सांगितले, मी पोरांना बेरीज समजावायची तसे, दोनदा. कर्जावरचे नाव काढायचे तर आधी फ्लॅटवरचे निघाले पाहिजे. आणि आमच्या गोव्याच्या कायद्यात लग्न झाले की जे असेल ते दोघांचे अर्धे अर्धे. अर्धा फ्लॅट तनयाचा आहे तो बायको म्हणून. उरलेला अर्धा देवेशचा, तो मूलबाळ नसल्यामुळे आईबापांचा. तिने आपला अर्धा नोटरीपुढे लिहून द्यावा लागेल, आणि त्या दस्तात तिला देवेशची विधवा असे लिहावे लागेल. मी म्हणाले, अरे, लग्न लागलेच नाही. तो म्हणाला, बाई, फाईलमध्ये लागले आहे.

घरी येऊन गोकुळदासांना फोनवर सांगितले. ते म्हणत राहिले, विधवा हा शब्द दस्तात आला, की उद्या वेंगुर्लेकर काय म्हणतील? आठ दिवसांनी ते पुन्हा आले, या वेळी एका वकिलाकडून कागद घेऊन. वाट एक होती म्हणे, लांबची पण होती. कोर्टात जाऊन ती नोंदच रद्द करून घ्यायची. मुलाच्या आईने शपथेवर लिहून दिले की लग्न असे काही झालेच नाही, दोघे एक दिवस नवरा-बायको म्हणून राहिले नाहीत, तर जमण्यासारखे आहे. मग तनया कुमारीच राहील आणि तिचे नाव एखाद्या भागीदाराचे काढावे तसे सरळ निघेल.

"तुमीच सांगतालात बाई," ते म्हणाले, "सह्यो म्हणजे लगीन न्हय."

खरेच होते. मी कागद वाचायला घेतला. वकिलाने माझ्यासाठी मुद्दाम मराठीत करून दिला होता. पहिल्या ओळीत माझे नाव, वय, राहणार शिरगाव. मग मुलाचे नाव, मयत अविवाहित. आणि चौथ्या ओळीत असे होते: सदर मुलगी मयताच्या केवळ ओळखीची होती.

मी ते पुन्हा वाचले. हे शब्द वकिलाचे नव्हते. माझे होते, अंगणातले. गोकुळदासांनी ते दीड वर्ष जपून ठेवले होते आणि आता लेकीच्या भल्यासाठी वकिलाला सांगितले होते. त्यात टोमणा नव्हता. त्या माणसाचा चेहरा इतका केविलवाणा होता की टोमणा असता तर मला बरे वाटले असते. माझेच वाक्य, शुद्ध लिहिलेले, एकही चूक नसलेले, खाली माझ्या सहीसाठी रेघ.

पेन त्यांनीच पुढे केले. मी ते घेतलेही. शंभू माझ्या बाजूलाच बसले होते. त्यांनी माझ्याकडे नुसते बघितले. पण मला ते पुन्हा ऐकू आले, तिका विचार गो एकदां. मी पेन खाली ठेवले आणि गोकुळदासांना म्हणाले, दोन दिवस द्या.

दुसऱ्या दिवशी म्हापशाला गेले. लॅबखालच्या जिन्यापाशी उभी राहिले, आणि जेवणाच्या सुट्टीत ती खाली आली. किती वाळली होती. मला पाहून थबकली, मग म्हणाली, बाई, तुम्ही? बाजूच्या हॉटेलात बसलो. तिने चहा सांगितला आणि माझ्यासाठी एक उंडा मागवला. हे तिला देवेशने सांगितले असणार, की आईला चहाबरोबर उंडा लागतो. मी तो बशीतच ठेवला.

मी पिशवीतून कागद काढून तिच्यापुढे ठेवला. तिने सगळा वाचला. चौथ्या ओळीपाशी तिची नजर थांबली ते मला दिसले. मी म्हणाले, सही मी करणार आहे, पण तुला विचारून. तुझे वडील म्हणतात ते तुझ्या भल्याचेच आहे. हा कागद दिला तर तू कुमारी, लग्न जमेल, मागचे काही उरणार नाही. नाही दिला तर दस्तात विधवा लिहितील आणि ते स्थळ बहुधा जाईल. तुला काय हवे ते सांग.

तिने चहाचा कप बाजूला केला. तिच्या बोटांना स्पिरिटचा वास येत होता. मग तिने कागद घडी करून माझ्या बाजूला सरकवला.

"माका फ्लॅट नाका, बाई. नांव काडात," ती म्हणाली. "पूण कुमारी म्हणून बरयलें जाल्यार तो माजो कोण?"

कुमारी लिहिले तर तो तिचा कोण, हे त्या कागदात कुठेच नव्हते. ती पुढे सांगत राहिली, हळू, मान खाली घालून. त्या दिवशी अंगणात तिला वाटत होते की कोणीतरी बोलावेल. निदान पाणी घालायला, निदान पाया पडायला. रुई आणली तेव्हा तिला आधी कळलेच नाही ते कशासाठी. कळले तेव्हा ओरडावेसे वाटले, की माझे झाले आहे याच्याशी, दोन सह्या आहेत. पण तिचे कोणी ऐकले नसते. घरी आई म्हणाली, कोणाला सांगू नको. लॅबमध्ये रजा मागायची तर कारण काय लिहायचे? तिने ताप लिहिले. नवरा वारला असे ती आजवर कोणासमोर म्हणाली नव्हती, अगदी एकदाही.

मी रडले. हॉटेलात, लोकांदेखत, नाक पुसत, शाळेतल्या पोरीसारखी. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला नाही, आणि ते बरोबरच होते. पण ती उठूनही गेली नाही.

गोकुळदासांना मी फोन केला आणि सही करणार नाही म्हणून सांगितले. ते चिडले. म्हणाले, तेव्हा सून म्हटले असते तर वेगळी गोष्ट, आता कशाला? मी निमूट ऐकून घेतले. पहिल्यांदाच कोणी मला रागे भरत होते.

गावच्या लईराई देवीच्या जत्रेआधी पंधरा दिवस आम्ही डिचोलीच्या कचेरीत नोटरीपुढे जमलो. शंभू, मी, तनया, गोकुळदास, आणि आमच्या कुटुंबाला ओळखणारी गावातली तीन माणसे, ती शपथेवर वारस सांगायला लागतात. चैत्राचा उकाडा होता आणि खोलीत खुर्च्या चारच. तनया दाराशी भिंतीला टेकून उभी राहिली. अधिकारी बाई तरुण होत्या, घाईत होत्या. त्यांनी दस्त वाचायला सुरुवात केली आणि एकेकाची ओळख विचारू लागल्या. माझ्यापाशी आल्या. मयत आपला कोण? मुलगा. मग दाराकडे बोट करून, "आणि ह्या?"

खोलीत गावातली माणसे होती. त्यांतले दोघे त्या दिवशी अंगणातही होते, एकाने तर रुई तोडून आणली होती. मी खुर्चीवरून उठले.

"माझी सून," मी म्हणाले. "देवेशची बायको. तनया, हय बस."

ती माझ्या खुर्चीत येऊन बसली. अधिकारी बाईंना त्यात काही विशेष वाटले नाही, त्यांनी पुढची ओळ वाचली. तनया, कैलासवासी देवेश यांची विधवा पत्नी, राहणार मांद्रे. त्या एका ओळीनंतर पुढच्या सगळ्या ओळी होत्या त्या तिने काय काय सोडले याच्या. तिचा हिस्सा, तिचा हक्क, तिच्या वारसांचा हक्क, आता आणि पुढे कधीही. सून म्हणायला मला दोन वर्षे लागली होती, आणि सुनेचे नाव काढायला पाऊण तास पुरला. तिने प्रत्येक पानावर सही केली. गोकुळदास खिडकीतून बाहेर बघत होते. मी तिच्या खुर्चीमागे उभी होते आणि मनात येत होते, हिच्या हातातले पेन काढून घ्यावे, म्हणावे की राहू दे नाव, राहा तिथे, मी येत जाईन. पण ते तिने मागितले नव्हते. ते मला हवे होते, आणि मला हवे म्हणून तिचे एकदा पुरते वाटोळे झाले होते.

सगळे झाल्यावर तिने अधिकारी बाईंना एकच विचारले, या दस्ताची एक प्रत मला मिळेल का? त्या म्हणाल्या, तुम्ही तर हिस्सा सोडला, तुम्हाला कशाला? मी म्हणाले, तिला द्या, फी मी भरते. तिने ती घेतली आणि पहिले पान वर ठेवून पर्समध्ये घातली.

वेंगुर्ल्याला तिने स्वतःच सांगितले, त्याच आठवड्यात. मुलगा चार दिवस बोलत राहिला म्हणे, मग त्याच्या काकांचा फोन आला की योग नाही. हे मला गोकुळदासांकडून कळले नाही. ते आता आमच्याकडे येत नाहीत, आणि त्यांनी यावे तरी का?

बँकेतले काम त्यानंतर महिनाभराने पुरे झाले. कर्ज माझ्या पेन्शनवर आले. गौरेशने नवे कागद पुढे केले, त्यांवर कर्जदार म्हणून शंभू आणि मी. जुन्या फाईलचे काय करणार, मी विचारले. मला तो फोटो हवा होता. मागायला तोंड नव्हते, पण विचारले. तो थोडा ओशाळला. म्हणाला, ज्याचे नाव निघते त्याचे कागद त्यालाच परत द्यावे लागतात, तनया सकाळीच येऊन घेऊन गेली. मी बरे म्हणाले आणि पिशवी उचलली. तेव्हा त्याने खणातून एक पाकीट काढले. बाई, तिने हे तुमच्यासाठी ठेवले आहे.

आत फोटोची झेरॉक्स होती. बँकेच्याच यंत्रावर काढलेली, साध्या कागदावर, काळी-पांढरी. रजिस्ट्रार कचेरीची पायरी, देवेश कारखान्याच्या शर्टात, खिशाला पेन, हसतो आहे. तिच्या केसांत अबोलीची वेणी आहे, ती झेरॉक्समध्ये काळी उतरली आहे. दोघांच्या बाजूला पायरीवर एका माणसाची जागा मोकळी आहे.

त्या कागदाला मी शंभूंकडून चौकट करून घेतली आणि तो सोप्यावर लावला, देवेशच्या हार घातलेल्या फोटोशेजारी. येणारीजाणारी माणसे बघतात. कोणी विचारले तर सांगते, माझ्या मुलाच्या लग्नातला आहे.